जुन्नर-आंबेगावच्या माळावरचा लग्गड

१८३४ साली जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाच्या नावे एका भारतीय ससाण्याचे शास्त्रीय नाव नोंदले गेले : फाल्को जगर. यातील ‘जगर’ लॅटिन नव्हे. उत्तर हिंदुस्थानातील बाजदार या ससाण्याच्या मादीला लग्गड आणि नराला झग्गड म्हणत. शास्त्रात शिरले ते नराचे नाव. बाजदारांची पसंती मात्र मादीला, कारण ससाण्यांत आकाराने तीच मोठी.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पूर्वभाग हा लग्गडाच्या सोयीचा मुलूख. नाणेघाट-भीमाशंकराकडे कोसळणारा पाऊस आळे, बेल्हे, मंचरकडे येईतो झपाट्याने उणावतो आणि कुसळी गवताचे माळ लागतात. एखाद्या बाभळीच्या शेंड्यावरून हा पक्षी रान न्याहाळतो आणि जमिनीलगत झेपावून सरडे, उंदीर, चंडोल, होले टिपतो. नर-मादी पुष्कळदा जोडीने शिकार करतात. घरटे बांधण्याचा मात्र दोघांनाही कंटाळा. कावळ्या-घारींनी सोडलेले घरटे किंवा कड्यातली कपार त्यांना पुरते.

श्येनविद्येची परंपरा दख्खनला जुनीच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ससाण्यांच्या शिकारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण राजेरजवाड्यांचा मान बहिरी ससाण्याला आणि उत्तरेकडून येणाऱ्या चरगाला. लग्गड स्वस्त, सहज मिळणारा. त्याला कावळ्यांवर सोडत.

त्याचा दुसरा उपयोग अधिक क्रूर होता. त्याच्या पापण्या दोऱ्याने ओवून दृष्टी अधू करीत, पायांना पिसांचा पुंजका आणि केसांचे फास बांधून त्याला आकाशात सोडीत. लग्गडाने भक्ष्य पकडले आहे असे समजून एखादा मोठा रानटी ससाणा ते हिसकावायला येई, फासात गुंते आणि दोघेही जमिनीवर कोसळत. किमती पक्षी धन्याच्या हातावर जाई. लग्गडाचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नसावी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडण्यास बंदी आली. पाकिस्तानात आमिष म्हणून त्याचा वापर पुढेही चालू राहिला.

जुन्नर-आंबेगावात मात्र धोका फासाचा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्प आकारास आला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे वळले आणि कोरडवाहू शिवारांत ऊस उभा राहिला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पिढ्यान्‌पिढ्यांची तहान भागणे होते. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. उसात बिबट्याला आडोसा मिळाला. लग्गडाला आडोसा नको, उघडी जमीन हवी. पुरुषभर उंच पिकाखालचा सरडा त्याला दिसत नाही.

महसुली भाषेत अशा माळाला ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणतात. बिबट्याने शेळी मारली की पंचनामा होतो, भरपाईचा कागद हलतो. माळ नांगरला गेला आणि लग्गडाची जोडी उठून गेली, तर तिची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे त्या दप्तरात ठरलेले नाही.