नवशिक्याचे ओझे

दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक काळी पेटी खाली येते, फडक्याने पुसली जाते आणि ‘असू दे आणखी एक वर्ष’ म्हणून पुन्हा वर जाते. वीतभर लांब, वजनाला लाडवाच्या डब्याहून हलकी. पुढे एक वाटोळे भिंग, बाजूला एक खटका, वर एक किल्ली आणि पाठीमागे गुंजेएवढी तांबडी खिडकी. घरातली मुले तिला खेळणे समजतात. एके काळी मी तिला कॅमेरा म्हणत असे, आणि तिच्यापायी माझ्या हातून एक गोष्ट कायमची राहून गेली. ती सांगेनच. पण त्याआधी या पेटीच्या पूर्वजांची थोडी हकिकत सांगितली पाहिजे, कारण माझी चूक कुठून आली ते त्यावाचून कळायचे नाही.

फोटो काढण्याची विद्या जगापुढे आली १८३९ साली. मुंबईला तिची गोडी लागायला फार उशीर लागला नाही. लंडनमध्ये छायाचित्रकारांची सभा १८५३ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईतही तशी सभा निघाली. तिच्या सभासदांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते, आणि नारायणरावांचा हात तर या कामात चांगलाच बसलेला होता. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणी यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. आगगाडी ठाण्याला पोचून दोनेक वर्षेच झाली होती, आणि मुंबईची मुले उजेडाला काचेवर धरून ठेवायला शिकत होती!

शिकत होती म्हणजे काय करत होती? फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८५१ साली ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे तिचेच राज्य होते. आधी काच घासून आरशासारखी लख्ख करायची. मग ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेले कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य तिच्यावर ओतायचे आणि काच अशी कलती करायची की, धिरड्याचे पीठ तव्यावर पसरावे तसे ते चारी कोपऱ्यांना सारखे पोचले पाहिजे. नंतर अंधारात जाऊन ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. तिथून निथळती काच काढून, उजेड लागू न देता, चौकटीत घालून कॅमेऱ्यात सरकवायची. फोटो घ्यायचा. आणि धावत पुन्हा अंधारात शिरून ती धुवायची. हे सारे काच ओली आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या वैशाखात तेवढीही सवड मिळायची नाही. म्हणून घराबाहेर फोटो काढायचा तर अंधारखोलीच बरोबर न्यावी लागे: काळ्या कापडाचा तंबू, काचांच्या पेट्या, बाटल्या, घंगाळ, आणि पाणी. डोंगरावरच्या एखाद्या देवळाचा जुना फोटो आपण पाहतो तेव्हा फोटो घेणाराचे नाव वाचतो. ते सगळे सामान डोक्यावर घेऊन जे वर चढले, त्यांची नावे फोटोखाली लिहिण्याची पद्धत नव्हती.

या सामानाने एका नवशिक्याला असा काही धडा दिला की त्याने सगळ्या जगाचे सामान हलके करून टाकले. त्याचे नाव जॉर्ज ईस्टमन. अमेरिकेत रॉचेस्टर गावच्या बँकेत हा तेवीस वर्षांचा कारकून होता. १८७७ साली त्याने सान्तो दोमिंगोला जायचा बेत केला. बँकेतल्या एका सहकाऱ्याने सुचवले की, जातोस तर फोटो काढून आण. झाले! गृहस्थाने सगळे साहित्य खरेदी केले. साबणाच्या खोक्याएवढा कॅमेरा, आणि तिवई तर इतकी भक्कम की तिच्यावर बंगला उभा राहिला असता, असे पुढे त्यानेच गमतीने सांगितले आहे. तंबू, चांदीच्या पाण्याचे भांडे, पाण्याचे पिंप हे सारे आलेच. ते वापरायचे कसे हे कळेना म्हणून गावातल्या एका छायाचित्रकाराकडे पाच डॉलर देऊन शिकवणी लावली. सान्तो दोमिंगोला तो गेलाच नाही, पण सामान अंगाला चिकटले.

अगदी शब्दशः चिकटले. पहिल्यांदा बाहेरगावी जाताना त्याने ते चांदीचे पाणी नीट गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवले. वाटेत झाकण सैल झाले आणि पेटीतल्या बहुतेक कपड्यांवर डाग पडले. हे डाग साबणाने जात नाहीत हे सांगायला नकोच. दुसऱ्या एका सफरीत, मॅकिनॅक नावाच्या बेटावर, तो एका नैसर्गिक दगडी कमानीचा फोटो घेत होता. तिथे आलेली प्रवासी मंडळी ऐटीत कमानीखाली उभी राहिली. याची काच, तंबू, ओतणे, बुडवणे चालू, ऊन रणरणते. अर्ध्या तासाने सारे आटोपल्यावर त्यातला एक जण फोटोची किंमत विचारायला आला. हा म्हणाला, मी विकत नाही, हौशी आहे. तेव्हा त्या माणसाने त्याला चांगलेच फैलावर घेतले: मग आम्हांला उन्हात का तिष्ठत ठेवलेस? गळ्यात पाटी अडकवून फिरत जा! मला हा प्रवासी फार आवडतो. नवशिक्याच्या हौसेचा भार शेजारच्याला सोसावा लागतो, हे तोंडावर सांगणारा तो बहुधा पहिलाच असावा.

पुढच्या वर्षी ईस्टमनच्या वाचनात एका इंग्रजी नियतकालिकातला कोरड्या काचांविषयीचा मजकूर आला. सरसाच्या जातीच्या जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून काचेवर लेप दिला, तर काच कोरडी ठेवून महिन्यांनंतरही वापरता येते. म्हणजे तंबू नको, पिंप नको. मग दिवसभर बँक आणि रात्रभर आईच्या स्वयंपाकघरात रसायने शिजवणे असा क्रम सुरू झाला. आई बिचारी विधवा, घरात भाडेकरू ठेवून संसार चालवणारी. रात्री तिच्या चुलीवर हा चांदी शिजवी आणि कधी कधी तिथेच जमिनीवर पडून झोपे. तिच्या भांड्यांचे काय झाले ते चरित्रकार सांगत नाहीत, पण कोणत्याही गृहिणीला ते विचारावेसे वाटेल.

यापुढची वाट मोठी, पण झपाट्याने चालून गेलेली. १८८१ मध्ये कोरड्या काचांची कंपनी, मग काचेच्या जागी गुंडाळता येणारी फिल्म, आणि १८८८ साली कोडॅक नावाची पेटी. किंमत पंचवीस डॉलर. आत शंभर फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली. दोरी ओढायची, खटका दाबायचा, किल्ली फिरवायची. शंभर झाले की सबंध पेटीच टपालाने कारखान्यात पाठवायची. दहा डॉलरांत फोटो तयार होऊन, नवी फिल्म भरून पेटी परत येई. तुम्ही नुसते बटण दाबा, बाकीचे आम्ही पाहतो, अशी त्यांची जाहिरातच होती. १९०० साली तर ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला निघाला आणि तो मुलांच्या हाती गेला.

‘बाकीचे’ हा शब्द केवढा आहे पाहा! काच घासण्यापासून ती धुण्यापर्यंतचे सगळे ज्ञान त्यात आले. ते नवशिक्याच्या डोक्यावरून उतरले आणि कारखान्यात जाऊन बसले. भिंगापासून माणूस किती अंतरावर असावा, उजेड किती हवा, खटका किती वेळ उघडा राहावा, हे सगळे आता पेटी बनवणारा आधीच ठरवून टाकू लागला. अशी ठरवलेली पेटी स्वस्त आणि सोपी. मात्र काय ठरवले आहे, ते वापरणाराला ठाऊक असले पाहिजे.

ज्यांना सगळेच स्वतः करायचे होते असे लोकही होतेच. दादासाहेब फाळके मूळचे छायाचित्रकार. १९१२ साली ते लंडनहून चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्या यंत्रापुढे तेही नवशिकेच होते. त्यांनी राजामहाराजांचे चित्रण केले नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा वाढतो ते दिवसामागून दिवस थोडेथोडे टिपले. पैसे घालणाऱ्यांची खात्री पटवायला ती चिमुकली फिल्म उपयोगी पडली. सरस्वतीबाईंनी फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली, आणि मंडळींचा स्वयंपाकही तिथेच होता. पुन्हा स्वयंपाकघर! या कलेचा इतिहास लिहिताना ते दालन सोडून चालणार नाही.

आता माझी पेटी. १९६१ सालच्या भाऊबीजेला मुंबईचे मामा वाईला आले. त्यांनी ती मला दिली, बरोबर एक फिल्म. एका फिल्मवर आठ फोटो. नवी फिल्म आणि फोटो धुणे यांचा खर्च वडिलांच्या कपाळाला आठी पाडणारा, म्हणून हे आठ फोटो वर्षभर पुरवायचे, असा घरचा कायदा झाला. मामांनी नियम सांगितले: सूर्य पाठीशी घ्यायचा, पेटी छातीशी धरायची, श्वास रोखायचा, आणि फोटो झाला की तांबड्या खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवायची. सूर्य पाठीशी असल्यामुळे त्या काळच्या सगळ्या घरगुती फोटोंत माणसे डोळे किलकिले करून रागावल्यासारखी दिसतात, हे तुमच्याही घरच्या आल्बमात सापडेल. वरच्या काचेत पाहावे तर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. त्यामुळे घाटावरच्या गणपतीच्या देवळाचा माझा पहिला फोटो निम्म्या देवळाचा आणि निम्म्या आकाशाचा आला. दुसऱ्या वेळी किल्ली फिरवायचीच राहिली आणि आमच्या गाईच्या पोटातून मामा बाहेर पडताना दिसले. त्यावर घर आठ दिवस हसले.

पेटीबरोबर एक घडी घातलेला इंग्रजी कागद होता. मी तो वाचला नाही; वाचता आला नसता. त्यात छापले होते की माणूस आठ फुटांहून जवळ उभा करू नये. पेटीचे भिंग पुढेमागे सरकत नव्हते. आठ फुटांपलीकडचे सगळे स्पष्ट, अलीकडचे पुसट, असे ते कायमचे बसवलेले.

आठव्या फोटोला मी आजीला अंगणात तुळशीपाशी उभी केली. तिचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता. स्टुडिओत जायला ती तयार नसे. नातू काढतोय म्हणून नऊवारीचा पदर सारखा करून उभी राहिली. मी अंगणाच्या पार टोकाला, चांगला पंधरा फुटांवर होतो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ती म्हणाली, “अरे, कुठे आहेस तू? जवळ ये, मला दिसत नाहीस.” मी चार पावले पुढे झालो. “आणखी ये.” मी आणखी गेलो. तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचे हसू आले तेव्हा मी तिच्यापासून हातभरावर होतो. श्वास रोखला आणि खटका दाबला.

फिल्म धुऊन आली तेव्हा माघ लागला होता आणि आजी पौषातच गेली होती. दुकानदाराने तो फोटो वेगळा काढून ठेवला होता. म्हणाला, हा बिघडला, याचे पैसे नकोत. वडिलांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि पैसे देऊन घरी आणला. मला ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पाकिटात तो अखेरपर्यंत होता.

त्याची निगेटिव्ह अजून माझ्याजवळ आहे. परवा नातवाने ती आपल्या यंत्रावर घालून पडद्यावर मोठी करून दाखवली. आजीच्या जागी एक पांढुरका, हसरा ढग आहे. तिच्या खांद्यामागची तुळस मात्र इतकी स्वच्छ आली आहे की मंजिऱ्या मोजता येतात. नातवाने त्या मोजल्या. अकरा भरल्या.