शांत सकाळ घडते आदल्या रात्री

‘ऊठ रे, सव्वासहा झाले!’, ‘अजून ब्रश तोंडातच?’, ‘बस येईल आता, आटप लवकर!’ शाळेच्या दिवशी लहान मूल असलेल्या बहुतेक शहरी घरांत हे संवाद थोड्याफार फरकाने रोज ऐकू येतात. मूल रडवेले होऊन बसमध्ये चढते, आई-वडील चिडचिडत कामाला लागतात आणि ‘सकाळी सकाळी उगाच ओरडलो’ ही रुखरुख दिवसभर मनात राहते. मूल हट्टी किंवा आळशी आहे, असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. प्रत्यक्षात तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत स्वभावापेक्षा अपुरी झोप आणि त्यांना न उमगणारी वेळ हीच कारणे अधिक आढळतात.

झोपेचा हिशेब

अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास, तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप आवश्यक असते. समजा, बस सात वाजता येते. तयारीला एक तास धरला, तर मुलाला सहाला उठावे लागते. त्याला दहा तास झोप मिळायची, तर रात्री आठला त्याचा डोळा लागायला हवा. मुंबई-पुण्यात मात्र त्या वेळी आई किंवा बाबा अनेकदा लोकलमध्ये नाही तर वाहतुकीच्या कोंडीत असतात. ते आल्यावर जेवण, खेळ, टीव्ही असे करता करता साडेदहा वाजतात. रोजची ही दोन-अडीच तासांची उधारी सकाळी वसूल होते.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. परंतु दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची जागेची अडचण आणि बसच्या फेऱ्या यांमुळे त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही. त्यामुळे झोपेची वेळ सांभाळण्याचे काम घरालाच करावे लागते.

झोपेची वेळ एकदम दोन तासांनी अलीकडे आणता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे घेत जावे. मुलाचे जेवण साडेसातच्या आत उरकावे. झोपण्यापूर्वी तासभर टीव्ही, मोबाइल बंद ठेवून दिवे मंद करावेत, कारण प्रखर उजेडामुळे झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर ही घडी शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीपासून पुन्हा बसवावी.

उशिरा घरी येणाऱ्या पालकाची भेट ही मात्र मुलाची खरी गरज असते. तिच्यासाठी मुलाला जागवण्यापेक्षा त्या पालकाने सकाळ स्वतःकडे घ्यावी. मुलाला उठवणे, आंघोळ घालणे, थांब्यापर्यंत गप्पा मारत जाणे ही कामे त्याने केली, तर भेटही होते आणि दुसऱ्या पालकावरचा भारही हलका होतो.

‘लवकर’ म्हणजे किती?

घड्याळ नीट वाचणे बहुतेक मुलांना सात-आठ वर्षांच्या आसपास जमते. त्याआधी ‘दहा मिनिटे उरली’ या वाक्याला मुलाच्या लेखी फारसा अर्थ नसतो. त्याला कळतो तो क्रम. उठणे, शौच, दात घासणे, आंघोळ, गणवेश, न्याहारी आणि बूट या कामांची चित्रे काढून ती ओळीने भिंतीवर लावावीत. मग ‘किती वेळा सांगू?’ऐवजी ‘आता कोणते चित्र?’ असे विचारता येते. हुकूम देणारे आपण उरत नाही, ते काम तक्ता करतो.

झोपेतून उठल्यावर मेंदूला पूर्ण जागे व्हायला थोडा अवधी लागतो. म्हणून दिवा एकदम लावण्यापेक्षा पडदा सरकवावा, पाठीवरून हात फिरवावा आणि दहा मिनिटे केवळ जागे होण्यासाठी राखून ठेवावीत.

मुलाचा हातभार

माँतेसरी पद्धतीच्या बालवाडीत बटणे लावणे, नाडी बांधणे यांसाठी खास चौकटी असतात. हीच कामे घरी सकाळी घाईने आपण करून टाकतो आणि मुलाची संधी हिरावतो. नव्या कामाचा सराव रविवारी निवांतपणे करून घ्यावा, सोमवारी सकाळी नव्हे. निवडही लहान आणि खरी असावी. ‘शाळेत जायचे का?’ हा प्रश्न विचारू नये, ‘पोहे की थालीपीठ?’ हा जरूर विचारावा. ‘बस तुला टाकून जाईल’ ही भीती आणि रोजच्या चॉकलेटचे आमिष, दोन्ही टाळावेत. ‘आज मोजे तू स्वतःच घातलेस’ एवढी दखल पुरते.

पोट आणि दप्तर

सकाळच्या घाईत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते शौचाकडे. खाल्ल्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून न्याहारीनंतर पाच-दहा मिनिटे मुलाला निवांत बसू द्यावे. कमोड असल्यास पायांखाली पाट द्यावा. शाळेत जायला संकोच वाटल्याने मुले वेग रोखून धरतात आणि त्यातून बद्धकोष्ठता जडते. दप्तर, गणवेश, डब्याची तयारी आणि सहीची वही हे सारे रात्रीच उरकावे. २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, याचीही तपासणी त्याच वेळी होते.

केव्हा सावध व्हावे?

पुरेशी झोप मिळूनही मूल रोज मरगळलेले उठत असेल, झोपेत घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढलेल्या टॉन्सिल अथवा ॲडेनॉइडमुळे झोप मोडत असण्याची शक्यता असते. केवळ शाळेच्या दिवशीच पोट दुखत असेल, तर त्याला ढोंग ठरवू नये. वर्गात, बसमध्ये किंवा स्वच्छतागृहात मुलाला कशाची भीती वाटते, हे शांतपणे विचारावे आणि शिक्षकांशी बोलावे.

हे सारे करूनही एखादी सकाळ बिघडणारच. अशा दिवशी बस चुकली तरी चालेल, पण निरोप रागाने देऊ नये. घरातून निघतानाचे शेवटचे वाक्य मूल शाळेत सोबत घेऊन जाते.