अ‍ॅम्बेसिडरची कमानी

कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला १९५७ ते २०१४ बनलेल्या अ‍ॅम्बेसिडरला मागे शेवटपर्यंत पोलादी पाटेच होते. भोपाळात त्यांना कमानी म्हणतात. आमच्या बँकेचे कर्जदार टॅक्सीवाले नवा संच परवडत नाही म्हणून जुन्या जीपच्या पाट्यातली पानं कापून त्यात घालून घेत. काम सोपं नव्हतं. मधल्या बोल्टचं भोक चुकलं तर अ‍ॅक्सल तिरका बसून टायर झिजायचे; एका बाजूला पान जास्त झालं तर गाडी कलायची; फार कडक केली तर ओझं पेलायची, पण प्रवाशांची पाठ मोडायची. मिस्त्री कागद न घेता दोन्ही बाजू ताळेबंदासारख्या जुळवत. गाडी रस्त्यावर राहिली तरच हप्ता येणार. कित्येक घरं त्या कमानीवर चालली.