परसबागेंतील फळझाडांची निवड व बागेच्या याद्यांची साक्ष : देवगांव रंगारी व वेरूळ-दौलताबादचा मुलूख

परसांत कोणतीं फळझाडें लावावीं व कुंपणास कोणतीं झुडपें घालावीं, हा प्रश्न गृहस्थाचा. इतिहाससंशोधकास त्याच्याशीं काय कर्तव्य, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. दप्तर चाळतांना सनदा, तहनामे, निवाडपत्रें व वंशावळी आपण काळजीनें बाजूस काढतों. आंबे किती, लिंबें किती, पाणी कोणत्या विहिरीचें, एवढाच मजकूर असलेला बंद हातीं आला म्हणजे मात्र तो किरकोळ समजून पुन्हां रुमालांत टाकतों. पुष्कळदां तोही मान त्याच्या वांट्यास येत नाहीं. अशा बंदांची किंमत आपण करतों त्याहून पुष्कळ अधिक आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही एकच मुलूख घेतला आहे: कन्नड तालुक्यांतील देवगांव रंगारी व त्याच्या आसपासचा वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद हा पट्टा.

या मुलखाची प्रकृति प्रथम ध्यानांत घ्यावी. उत्तरेस सातमाळ्याचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशीं मुरमाड माळ, व सखल भागांत काळी जमीन. पाऊस वर्षास सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर. तोही मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत मावणारा. पुढील आठ महिने झाडानें विहिरीच्या अथवा जमिनींतील ओलाव्याच्या आधारानें काढावयाचे. तेव्हां येथें फळझाड निवडणें म्हणजे आपल्याजवळ फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत किती पाणी आहे याचा हिशेब करणें होय. जिभेची आवड त्यानंतर. आमच्या मतें जुन्या बागांचे कागद याच दृष्टीनें वाचावयास पाहिजेत.

पहिली साक्ष परक्या प्रवाशाची आहे. इब्न बतूता हा १३३३ मध्यें हिंदुस्थानांत आला व १३४२ मध्यें दिल्लीहून निघाल्यावर दक्षिणेकडे जातांना दौलताबादेंत उतरला. तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोन वेळां येतात, असें त्यानें नमूद केलें आहे. ही प्रवाशाची अतिशयोक्ति असावी, असें वाचणाऱ्यास सहज वाटेल. परंतु येथील माळ्यास तसें वाटणार नाहीं. डाळिंबास दख्खनेंत तीन बहार येतात: माघाच्या सुमारास फुलणारा आंबे बहार, पावसाच्या आरंभींचा मृग बहार व भाद्रपद-आश्विनांतला हस्त बहार. पाणी तोडून झाडास ताण द्यावयाचा, पानें गळूं द्यावयाचीं, व मग खत-पाणी देऊन हवा तो बहार धरावयाचा, ही रीत बागाइतदारांच्या अंगवळणीं पडलेली आहे. ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी टिकतें त्यानें आंबे बहार धरावा. ज्याच्या विहिरीस टिकत नाहीं त्यानें मृग धरावा.

द्राक्षाचीही तीच गोष्ट. थंड देशांत वेल हिंवाळ्यांत निजतो. दख्खनेंत तो निजत नाहीं, म्हणून त्याची छाटणी दोनदां होते, एक उन्हाळ्यांत व एक पावसाळा सरतां. उन्हाळी छाटणीवर येणारें फळ पावसांत सांपडून आंबट राहतें व सडतें, म्हणून आज ती छाटणी काडी तयार करण्यापुरती समजतात, व फळ आश्विनांतील छाटणीवर घेतात. दमास्कसकडील मळे पाहिलेल्या माणसास दोन हंगामांचें नवल वाटावें हें साहजिकच आहे. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, प्रवाशाचें विधान स्थानिक शेतीच्या ज्ञानानें पडताळून पाहतां येतें. दुसरी, चौदाव्या शतकांत दौलताबादेच्या परिसरांत पाण्याची सोय राखून झाडें जोपासणारा माळी होता. कारण दोन बहार आपोआप हातीं येत नाहींत.

दुसरी साक्ष स्वराज्यांतील आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५-१६) दुर्गांच्या प्रकरणीं झाडांची चर्चा आली आहे, ती अभ्यासकांस परिचित आहेच. गडावर असलेलीं झाडें राखावीं, आणि आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे थोर वृक्ष व लिंबें, नारिंगें यांसारखीं लहान झाडें लावून जतन करावीं, असा तेथील आशय आहे. फुलझाडें व वेलीही त्यांतून सुटलेल्या नाहींत. हेतु असा कीं, समयीं तींच लांकडाच्या उपयोगीं पडावीं. आरमाराच्या प्रकरणीं आंबा-फणसाचीं लांकडें कामाचीं असलीं तरी तीं झाडें तोडूं नयेत, कारण तीं एकदोन वर्षांत होत नाहींत व रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असें बजावलें आहे. झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन मगच तोडावें, अशी मर्यादा घातली आहे. येथें निवडीची दुसरी कसोटी दिसते: फळाशिवाय झाडाचा दुसरा उपयोग कोणता? आमच्या या गांवाच्या नांवांतील रंगारी हा शब्द रंगकामाच्या धंद्याचा आहे. अशा धंद्याच्या दृष्टीनें डाळिंबाची सालही कामाची, हिरडाही कामाचा, व आलाच्या मुळ्या तर तांबड्या रंगाचें मूळच. नांवावरून गांवाचा इतिहास रचूं नये हें खरें. तथापि फळापेक्षां सालीसाठीं झाड लावणारीं घरें असूं शकतात, हें यादी वाचणारानें विसरूं नये.

आतां प्रस्तुत विषयांतील मुख्य वादाकडे वळूं. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. या संत्र्याची जन्मकथा अशी सांगतात कीं, रघूजी भोसले यांनीं औरंगाबादेहून रोपें आणून नागपुरास आपल्या परसबागेंत लावलीं व तेथून तीं विदर्भभर पसरलीं. ही कथा खरी असेल तर विदर्भाचें एक मोठें पीक आमच्या या मुलखांतून, आणि तेंही एका परसबागेच्या वाटेनें गेलें, असें होतें. परंतु काळाविषयीं लेखकांचें एकमत नाहीं. कोणी अठरावें शतक म्हणतात, कोणी १८९४ हें साल देतात.

हा फरक लहान नव्हे. पहिले रघूजी १७५५ मध्यें वारले, दुसरे १८१६ मध्यें, तिसरे १८५३ मध्यें. त्यानंतर लवकरच राज्य खालसा झालें. १८९४ हें साल खरें मानल्यास रोपें आणणारा पुरुष राज्यकर्ता असूं शकत नाहीं. खालसानंतरच्या घराण्यांतील वंशजाकडे तें श्रेय जातें. अठरावें शतक मानल्यास पहिल्या अथवा दुसऱ्या रघूजींचा विचार करावा लागतो. १७६३ मध्यें निजामअलीनें आपलें मुख्य ठाणें हैदराबादेस नेईपर्यंत औरंगाबाद हें निजामशाहीच्या राजकारणाचें केंद्र होतें. वकील, सांडणीस्वार व नजराणे यांची ये-जा सतत चाले. त्या गर्दींत रोपांच्या दोनचार करंड्या जाणें अगदीं संभवनीय आहे. उलट १८९४ मध्यें औरंगाबादेस आगगाडी आलेली नव्हती. ती १९०० च्या सुमारास आली. त्या वेळीं रोपें न्यावयाचीं तर याच मुलखांतून गाड्यांनीं नांदगांव-मनमाडकडे व तेथून मुख्य लोहमार्गानें नागपुराकडे न्यावीं लागलीं असतीं. तेंही अशक्य नव्हे.

दोन्ही पाठांत मूळ स्थान व परसबाग या गोष्टी समान आहेत, म्हणून तेवढा भाग सिद्ध झाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. अनेकांनीं एकच गोष्ट सांगणें ही स्वतंत्र साक्ष नव्हे. सर्वांनीं ती एकाच ठिकाणाहून उचललेली असूं शकते. संभव हा पुराव्याच्या जागीं बसत नाहीं. हा वाद मिटेल तो एखाद्या किरकोळ कागदानेंच. रोपें दूरदेशीं जातात तेव्हां मागें कागद ठेवून जातात: गाडीभाडें, माळ्याचा रोजमुरा, वाटेवरील जकातीच्या माफीचें दस्तक, नव्या बागेस दिलेल्या मोटेच्या पाण्याचा हिशेब. जो बंद आपण टाकाऊ म्हणून दूर सारतों, त्यांतच हें उत्तर असण्याचा संभव अधिक.

मात्र असा कागद वाचतांना शब्दांपासून सावध राहावें. आज्ञापत्रांतील नारिंग म्हणजे नागपुरी संत्रेंच, असें समजणें चूक आहे. निंबूवर्गांतील अनेक फळांस तें नांव लागूं शकतें. लिंब हा शब्द आला म्हणजे तो कडुलिंब कीं लिंबू, हें आसपासच्या मजकुरावरून ठरवावें. जांब अथवा जाम म्हणजे मराठवाड्यांत पेरू. कोंकणांत त्याच नांवाचें फळ अगदींच निराळें आहे. पेरू हें नांव पोर्तुगीज भाषेंतलें, व झाड अमेरिकेंतलें. पपई व अननस हींही तिकडचींच. मोसंबीचें नांवच मोझांबिककडे बोट दाखवितें. यादवकालीन म्हणून पुढें केलेल्या दानपत्राच्या नकलेंत पेरूची बाग आढळल्यास, ती नकल मागाहून रचलेली अथवा निदान मागाहून भर घातलेली आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. अक्षराचें वळण व कागद यांइतकीच ही कसोटी उपयोगाची आहे.

ही कसोटी सीताफळास मात्र सरळ लागूं पडत नाहीं. नांव पाहतां रामायणकालीन वाटतें. वनस्पतिशास्त्र तें झाड अमेरिकेचें ठरवितें व तें पोर्तुगीजांबरोबर आलें असें सामान्यतः मानलें जातें. कनिंगहॅम यांनीं १८७९ च्या भारहूतविषयक ग्रंथांत तेथील शिल्पांत सीताफळ असल्याचें प्रतिपादिलें होतें, आणि अलीकडे युरोपीयांच्या आगमनापूर्वीच्या थरांत त्याच्या बिया मिळाल्याचें उत्खननकारांनीं नमूद केलें आहे. म्हणून सीताफळावरून कागदाचा काळ ठरवूं नये. दौलताबादेच्या डोंगरांवर तें आज रानांत आपोआप उगवलेलें दिसतें, यावरून तें अनादिकालापासूनचें आहे असेंही म्हणूं नये. मानवलेलें झाड दोनतीनशें वर्षांत रानटी दिसूं लागतें.

इतकें पाहिल्यावर मूळ प्रश्नाचें उत्तर देण्यास अडचण पडत नाहीं. देवगांव रंगारीच्या परसांत कोणतीं झाडें लावावीं? पहिलीं दोनतीन वर्षें जगविल्यावर वरच्या पाण्यावांचून राहणारीं: बोर, सीताफळ, आवळा, चिंच, कवठ, आणि कुंपणास करवंद. करवंदीस कांटा असल्यानें गुरें आंत शिरत नाहींत, व वैशाखांत मुलांच्या तोंडीं फळ येतें. मधूनमधून थोडें पाणी देतां येत असेल तर पेरू, डाळिंब, अंजीर, तुती व फालसा. फालशाचें झुडूप पौषांत छाटलें म्हणजे नव्या फुटींवर उन्हाळ्यांत फळ धरतें. मोरीचें सांडपाणी जेथें जातें तेथें केळ. बारमाही विहीर असेल तरच मोसंबी, संत्रें व द्राक्ष. जागेचाही विचार पाहिजे: आंब्यास तीस फूट, पेरू व लिंबास वीस फूट, सीताफळास पंधरा फूट अंतर ठेवावें. खड्डे उन्हाळ्यांत खणून तापूं द्यावे, शेणखत व पोयट्याची माती भरून ठेवावी, व पाऊस नीट लागल्यावर रोप लावावें.

हा क्रम आम्ही मुद्दाम पाण्यावरून लावला आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा पाण्यावांचून वाळल्या, व लोकांनीं हातानें वाढविलेलीं झाडें सरपणासाठीं तोडलीं. पुढें २०१६ मध्यें त्याच जालन्याच्या मोसंबीस व बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें. एकास बारमाही पाणी लागतें, दुसरें कोरड्या डोंगरावर उभें राहतें. दोहोंचा मान सारखा. दुष्काळांतील भवितव्य मात्र सारखें नाहीं. एकाच जातीची बाग करावयाची कीं निरनिराळ्या तहानेचीं झाडें मिसळून लावावयाचीं, हा निर्णय आपल्या पूर्वजांनींही घेतला असला पाहिजे. त्यांनीं तो कसा घेतला, हें त्यांच्या याद्यांशिवाय दुसरें कोण सांगणार?

छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील मोगलकालीन हिमायतबागेंत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळसंशोधन केंद्र आहे. म्हणजे जुन्या बागेच्या जमिनीवर नव्या रोपांची परीक्षा चालूच आहे. जुन्या कागदांची परीक्षा मात्र आपणांकडून व्हावयाची आहे. ज्यांच्या संग्रहीं वेरूळ, खुलताबाद, कन्नड, वैजापूर अथवा नागपूर येथील घराण्यांचे रुमाल असतील, त्यांनीं बागेची यादी, माळ्याचा हिशेब, रोपांची पोंच अशा कागदांवर निदान तिथि, गांव व रुमालाचा क्रमांक टिपून ठेवावा, व शक्य तर त्यांची नकल प्रसिद्ध करावी. झाड वाळलें तर दुसरें लावतां येतें. वाळवीनें खाल्लेला बंद पुन्हां लावतां येत नाहीं.