'आदत' आणि 'दोनदाती' : हिंगोली परिसरातील बोकडाची वयपरीक्षा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि अरबी-फारसी या तिन्ही परंपरांचे थर येथील पशुपालनाच्या शब्दसंपत्तीत आढळतात. घरी वाढविलेला बोकड कापण्याजोगा केव्हा झाला, या साध्या प्रश्नाच्या उत्तरातही ते दिसून येतात.

शेळीच्या खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. दुधाच्या दातांपैकी मधली जोडी पडून तेथे कायमची जोडी साधारणतः एक ते दीड वर्षाच्या वयात येते. तोवर जनावर 'आदत', नंतर 'दोनदाती'. 'आदत' म्हणजे 'अदन्त'. परंतु अशा जनावराच्या तोंडात दात असतातच. तेव्हा हा शब्द तोंडाचे वर्णन करीत नसून वयाची पायरी सांगतो. ही कल्पना पुरातन आहे. समासात वयाचा बोध व्हावयाचा असेल तर 'दन्त' शब्दाला वेगळा आदेश होतो, असे पाणिनीने पाचव्या अध्यायात सांगितले आहे. 'द्विदन्' हे त्याचे उदाहरण. अरबीतही 'सिन्न' या एकाच शब्दाचे दात आणि वय असे दोन अर्थ आहेत, आणि कुर्बानीच्या पशूसंबंधीचा 'मुसिन्न' हा शब्द त्यावरूनच आला. ऑस्ट्रेलियात तर कोकरू कोणाला म्हणावे, याची दातांवर आधारलेली व्याख्या २०१९ मध्ये बदलण्यात आली.

मात्र दात ही परक्यासाठी दिलेली साक्ष होय. बाजारातल्या गिऱ्हाइकाला जन्मतिथी ठाऊक नसते, म्हणून तो तोंड उघडून पाहतो. ज्या घरी करडू जन्मले तेथे ती ठाऊक असते. हनफी संप्रदायाच्या नियमानुसार कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेले असावे लागते; म्हणून दात उशिरा आलेला घरचा 'आदत' बोकडही पात्र ठरू शकतो.

वय भरले म्हणजे अंग भरले असे नव्हे. त्याची परीक्षा हाताने होते : शेवटच्या बरगडीमागे पाठीवर दाबून पाहिले असता मणक्यांची टोके बोचतात, की मांसाखाली दबतात? रसेल, डोनी व गन या संशोधकांनी मेंढ्यांच्या बाबतीत याच परीक्षेला १९६९ मध्ये शून्य ते पाच अशी श्रेणी दिली. खच्ची केलेल्या बोकडाच्या अंगी चरबी लवकर धरते, आणि त्याच्या मांसाला नराचा उग्र वास येत नाही.

खरा पेच पुढेच आहे. पावसाळी चाऱ्यावर बोकड दिवाळीच्या सुमारास अंग धरतो आणि उन्हाळ्यात उतरतो. उलट चैत्र-वैशाखातील जत्रा, आषाढातला देवीचा मान, नवसाची कंदुरी हे प्रसंग बहुधा जनावर उतरलेले असताना येतात. बकरीद तर दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकत सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरते. त्यामुळे पाळणाऱ्या घराला ऐन टंचाईत, स्वतःच्या पदरचा चारा घालून, बोकडाचे अंग राखावे लागते. 'कंदुरी' हा शब्द मूळ फारसी. त्याचा तेथील अर्थ जेवणाचे फडके. मराठवाड्यात मात्र तो नवसाच्या बोकडाच्या जेवणाला रूढ झाला.

या दृष्टीने 'पाट' हा शब्द लक्षणीय ठरतो. 'करडू' नपुंसकलिंगी, तरुण मादीला मात्र व्यायच्या आधीपासूनच स्वतंत्र नाव आहे, कारण ती दूध आणि वेतासाठी राखावयाची असते. कोणाला राखावयाचे आणि कोणाला कापावयाचे, हा निवाडा दात दिसण्यापूर्वीच भाषेने नोंदविलेला आहे. दात, हात आणि तिथी यांनी ठरते ते एवढेच की, तो अंमलात केव्हा आणावयाचा.