बाई, तेवढं एक काम कराल का? शिक्षकांच्या दिवसाचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याकडे किल्ले, तह आणि लढाया येतात. आजच्या भागात आपण अशा माणसाचा इतिहास बघूया, ज्याने आपल्याला हे किल्ले आणि तह शिकवले. म्हणजे सहावी-सातवीचे गुरुजी किंवा बाई. त्यांचा दिवस कसा जातो, आणि तो तसा का जातो?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, सहावी-सातवीला गणित शिकवायची. त्यामुळे मी या विषयात अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

पहिली मागणी: १८८२

सुरुवात करूया पुण्यापासून. १८८२ साली इंग्रज सरकारने देशातल्या शिक्षणाची पाहणी करायला एक आयोग नेमला. त्याला आपण हंटर आयोग म्हणतो. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं एक निवेदन जोतीराव फुल्यांनी या आयोगाला दिलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याच निवेदनात शिक्षकाबद्दलही बरंच काही आहे, आणि तो भाग भारी आहे.

फुल्यांचं म्हणणं असं की शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून यावेत. वेळ पडली तर त्यांना नांगर धरता यावा, सुताराचं हत्यार चालवता यावं. त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी. परीक्षा पास झालेल्या शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात १५ ते २० रुपये तरी असावा. आणि ज्याची जास्त मुलं पास होतील, त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता मिळावा.

आता पुढचं नीट ऐका. फुले म्हणतात, शिक्षकाला गावाच्या कारभारात घ्या. गावच्या हिशोबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं त्याला द्या. त्याने त्याचा मान वाढेल आणि लोकांवर चांगला परिणाम होईल.

थांबा, म्हणजे शिक्षकाला शाळेबाहेरची कामं द्या असं खुद्द फुले म्हणत होते? हो. पण कशासाठी, ते बघायला हवं. त्या काळी गावात कागद म्हणजे कुलकर्णी. किती सारा, कुणाचं कर्ज, जमीन कुणाच्या नावावर, हे सगळं त्याच्या दप्तरात. अडाणी शेतकऱ्याची या दप्तराने कशी कोंडी होते, हे फुल्यांनी पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलं. आता विचार करा, शेतकऱ्याच्याच घरातला, लिहिता-वाचता येणारा माणूस गावचा हिशोब तपासायला बसला तर? माझ्या मते फुले शिक्षकाच्या हातात सत्ता देऊ बघत होते. चांगला पगार आणि सत्ता, दोन्ही एकत्र.

फायनल पास मास्तर

पुढे झालं काय? कामं आली. सत्ता काही आली नाही.

तुमच्या पणजोबांच्या पिढीत ‘फायनल पास’ हा शब्द असायचा. मराठी सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा. ती पास झाला की माणूस मास्तर किंवा तलाठी व्हायला लायक. म्हणजे सातवी हा शिक्षणाचा शेवटही होता आणि नोकरीचा दरवाजाही. सातवीला शिकवणाऱ्या मास्तरांवर गावाचा केवढा भरवसा असेल, कल्पना करा.

बऱ्याच गावांत हेच मास्तर टपाल कचेरीही सांभाळायचे. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात आणि घाटावर मनीऑर्डरी यायच्या. घरी वाचणारं कुणी नसेल तर पत्र मास्तरच वाचून दाखवणार, उत्तरही तेच लिहिणार. कुणाच्या घरी पैसे आले, कुणाचा मुलगा तिकडे आजारी आहे, हे आधी मास्तरांना कळायचं. प्रत्येक घर ओळखणारा, अक्षर चांगलं असणारा आणि सरकारी पगारावर असलेला गावातला माणूस कोण? मास्तर. ही गोष्ट सरकारच्या फार लवकर लक्षात आली, आणि आजतागायत ते विसरलेलं नाही.

आणीबाणीत, १९७५ ते ७७, याचं सगळ्यात वाईट रूप दिसलं. देशात अनेक ठिकाणी शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टं दिली गेली. ज्या ओळखीवर लोक पत्र वाचायला द्यायचे, तीच ओळख घेऊन शिक्षकाने दारात उभं राहायचं. लोक शिक्षकाला बघून दार लावून घ्यायला लागले तर त्यात नवल काय?

‘गुरुजी’ नावाचा आदर्श

दुसरा धागा साने गुरुजींचा. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहात मुलांबरोबर राहायचे. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित रोज लिहून काढायचे. दिवसभर शिकवायचं आणि त्यावर हे रोजचं लेखन! १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले.

गुरुजींना वर्ग आणि घर वेगळं नव्हतं. संसार नव्हता, वसतिगृह हेच घर होतं. त्यांनी ते स्वतः निवडलं होतं. पुढे मात्र आपण हा आदर्श सगळ्या शिक्षकांना लावला. संध्याकाळी घरी जाऊन भाकरी थापणाऱ्या बाईंनाही. ‘शिक्षकी पेशा म्हणजे सेवा’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं. पण मी ते बहुतेक वेळा कुणीतरी फुकटचं काम सांगताना ऐकलंय.

घरी आई, शाळेत बाई

आता आमच्या घरातलं सांगते. मी सहावी-सातवीला आईच्याच वर्गात होते. शाळेत तिला ‘बाई’ म्हणायचं, घरी आल्यावर आई. गावात तर तिचं नाव कुणाला माहीतच नव्हतं, सगळ्यांसाठी ती बाईच.

शाळा साडेदहाची. आधी परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. मग हजेरी, आणि हजेरीवरून पोषण आहाराचा हिशोब. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, म्हणजे चाळीस मुलं असली तर सहा किलो. खिचडी शिजली की मुलांच्या आधी बाईंनी चव घ्यायची आणि वहीत सही करायची. ‘मीठ कमी आहे’ हे कळायला पहिला तास निम्मा जायचा. लसावि-मसावि त्यानंतर.

घरी आल्यावर स्वयंपाक, आजीचं औषध, माझं डोकं विंचरणं. रात्री नऊनंतर वह्यांचा गठ्ठा आणि टाचण वही. शेवटच्या काही वर्षांत मोबाइल आला आणि त्यावर गट. ‘तात्काळ’, ‘आजच्या आज माहिती सादर करावी’. हीच माहिती गेल्या आठवड्यात वेगळ्या तक्त्यात दिलेली असायची. आई चष्मा पुसायची आणि पुन्हा भरायची.

निवडणुकीत ती आदल्या दिवशी मतदानाचं साहित्य घेऊन परगावी जायची, दुसऱ्या दिवशी मध्यरात्री परत. एरवी मतदार यादीचं काम, घरोघरी. शाळेत दोनच शिक्षक. एक गेला की दोन वर्ग एकत्र बसतात, आणि एकत्र बसले की अपूर्णांक मागे पडतात. एकदा ती म्हणाली होती, “माझी काही तक्रार नाही गं कामाची. पण सातवीतून जाताना ज्याला भागाकार येत नाही, तो मला बाजारात दिसला की मान खाली घालतो. मान मी घालायला पाहिजे.”

कलम २७

यावर कायदा आहे का? आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं झालं पाहिजे, असं तो म्हणतो. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास, तयारीचे तास धरून. म्हणजे रात्रीची टाचण वही आणि वह्यांचा गठ्ठा हे कामच आहे, हे कायद्याला मान्य आहे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना अजून व्हायचंय.

याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्याआधी २००७ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं होतं की निवडणुकीचं काम शिक्षकांना साधारणपणे सुट्टीच्या आणि शाळा नसलेल्या दिवशी द्यावं.

अपवाद तीनच, पण प्रत्येकाचं पोट मोठं आहे. कोविडमध्ये घरोघरचं सर्वेक्षण आपत्ती निवारणात बसलं. मतदार यादी निवडणुकीत बसते. आणि तक्ते, पोर्टल, फोटो अपलोड? ते तर शाळेचंच काम ना!

मग फुल्यांचं काय?

मला वाटतं फुल्यांची मागणी आजही बरोबर आहे, आपण ती उलटी करून राबवली. त्यांचा शिक्षक गावचा हिशोब *तपासणार* होता. आजचा शिक्षक माहिती *भरून वर पाठवतो*. त्या माहितीचं पुढे काय होतं, हे त्याला कुणी सांगत नाही. गाव ओळखणारा माणूस म्हणून त्याला काम देतात, पण गावाबद्दल त्याचं मत कुणी विचारत नाही. शिक्षकांची शाळेबाहेरची कामं बंद करा, ही मागणी रास्तच आहे. मी त्यात एक भर घालेन: जे काम उरेल, त्यात शिक्षकाला बोलायचा अधिकार द्या. आणि गेलेला प्रत्येक दिवस मुलांना भरून द्या, कारण तो त्यांच्या २२० मधला होता.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सहावी-सातवीच्या बाईंना किंवा सरांना फोन करा. ‘कसे आहात’ विचारून झालं की विचारा, आम्हाला शिकवत होतात त्या वर्षी तुमच्याकडे आणखी कोणकोणती कामं होती? यादी लांब निघेल. ती लिहून ठेवा, त्यांनी हो म्हटलं तर रेकॉर्डही करा. हा इतिहास अजून पुस्तकात आलेला नाही, आणि तो सांगणारी माणसं एक फोन लांब आहेत.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!