जुनी स्विफ्ट : घेताना स्वस्त, सांभाळताना किती?

तेल्हारा : कापसाचा वा हरभऱ्याचा पैसा हाती आला की दारात चारचाकी असावी, अशी इच्छा अनेक कुटुंबांत मूळ धरते. नवी गाडी आवाक्याबाहेर असल्यास नजर वापरलेल्या गाड्यांकडे वळते. त्यात जपानच्या सुझुकीची, भारतात मारुतीच्या नावाने विकली जाणारी स्विफ्ट ही तरुणांची विशेष आवडती. चपळ स्टिअरिंग, वेग घेणारे इंजिन आणि खेळकर बांधणी यांमुळे तिला 'स्पोर्टी' गाडीचा लौकिक मिळाला. मात्र दहा-बारा वर्षे वापरलेली स्विफ्ट विश्वासाने साथ देईल की घरचे अंदाजपत्रक कोलमडवील, हे तिच्या इंजिनावर आणि आधीच्या मालकाने घेतलेल्या काळजीवर अवलंबून असते.

चार पिढ्या, निरनिराळी इंजिने

स्विफ्ट भारतीय बाजारात मे २००५ मध्ये आली. त्या वेळी तिच्यात १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. २००७ च्या प्रारंभी फियाटच्या तंत्रज्ञानावर आधारित १२४८ सीसीचे डिझेल इंजिन दाखल झाले. २०१० मध्ये पेट्रोल गाडीला १.२ लिटरचे 'के-सीरीज' इंजिन मिळाले. दुसरी पिढी ऑगस्ट २०११ मध्ये, तिसरी फेब्रुवारी २०१८ मध्ये, तर तीन सिलिंडरचे नवे इंजिन असलेली चौथी पिढी मे २०२४ मध्ये आली. प्रदूषणाचे 'बीएस-६' निकष एप्रिल २०२० पासून लागू होताच डिझेल स्विफ्टचे उत्पादन थांबले.

खरेदीदाराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. २०१० पूर्वीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. तुटल्यास गाडी जागीच बंद पडते. पुढील १.२ लिटर इंजिनात आणि डिझेल इंजिनात साखळी आहे. नियमित ऑइल बदलल्यास ती दीर्घकाळ टिकते. १.२ लिटर पेट्रोल इंजिन साधे, टिकाऊ आणि गावोगावच्या मेकॅनिकच्या हातात बसलेले असल्याने कमी खर्चाची अपेक्षा असणाऱ्यांनी त्यालाच प्रथम पसंती द्यावी.

डिझेलचा मोह

डिझेल गाडी अधिक धावते, हे खरे. हेच इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही वापरले गेल्याने त्याचे जाणकारही बरेच आहेत. परंतु टर्बो, इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह आणि क्लच यांपैकी एखादा भाग निकामी झाला, तर पेट्रोल गाडीच्या अनेक सर्व्हिसिंगइतका खर्च एकाच वेळी येऊ शकतो. थंड इंजिन सुरू करताना खडखड आवाज येत असेल, तर साखळी सैल झाल्याची शंका घ्यावी. वर्षाकाठी फार अंतर कापायचे नसल्यास डिझेलची बचत एका मोठ्या दुरुस्तीत संपून जाते.

वऱ्हाडच्या रस्त्यांचा आणि पाण्याचा परिणाम

काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचे रस्ते त्यामुळे वरखाली होतात. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. पण तालुक्याच्या अंतर्गत रस्त्यांवर गाडीला धक्के सोसावेच लागतात. स्विफ्टचे सस्पेन्शन मुळात कडक. त्यामुळे लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधून आवाज येणे ही जुन्या गाडीची नेहमीची तक्रार होय. हे सुटे भाग सहज मिळतात. दुर्लक्ष केल्यास मात्र टायर एकाच बाजूने झिजतात.

उन्हाळ्यात अकोला जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बॅटरी, रेडिएटर, एसी आणि टायर यांची परीक्षा याच काळात होते. तेल्हारा तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. बोअरचे खारे पाणी रेडिएटरमध्ये टाकू नये, कुलंटच वापरावे. त्याच पाण्याने वारंवार गाडी धुतल्यास तळाला गंज धरण्याचा धोका वाढतो.

वर्षाचा हिशेब

इंधनाचा खर्च सर्वांत मोठा. वर्षाला १२ हजार किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरल्यास ८०० लिटर, म्हणजे ८४ हजार रुपये लागतात. देखभालीअभावी धाव दहा टक्क्यांनी घटली, तर हाच खर्च सुमारे ९,३०० रुपयांनी वाढतो. दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा ऑइल व फिल्टर बदलणे म्हणूनच स्वस्त ठरते. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या गाडीत धाव किंचित कमी होते. इंधनाच्या रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात.

एक हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीसाठी त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता २०२२ च्या दरानुसार ३,४१६ रुपये, अधिक कर. गाडीला १५ वर्षे झाल्यावर तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठीचे शुल्क २०२२ पासून पाच हजार रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये दहा हजार करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. २००५ ची पहिली स्विफ्ट आता याच गटात आली आहे.

सुरक्षिततेची किंमत

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोन, तर अधिक कठोर निकषांवर २०२२ मध्ये एकच तारा मिळाला. २०१८ पूर्वीच्या खालच्या श्रेणीतील बहुतेक गाड्यांत एअरबॅगही नाहीत. त्यामुळे थोडे पैसे वाचविण्यासाठी एअरबॅग व एबीएस नसलेली गाडी घेण्यापूर्वी कुटुंबाने दोनदा विचार करावा.

घेण्यापूर्वी तपासा

* आरसी बुक, चेसिस व इंजिन क्रमांक, तसेच बँकेच्या कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद.
* सर्व्हिसिंगच्या नोंदी. केवळ मीटरवरील आकड्यावर विसंबू नये.
* परराज्यातील गाडी असल्यास ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर आणि अकोला आरटीओकडे फेरनोंदणीचा खर्च.
* एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे काय.
* थंड इंजिनाचा आवाज, धुराचा रंग, क्लचची पकड आणि खडबडीत रस्त्यावर एक फेरी.

खरेदीच्या रकमेतील काही भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवणारा खरेदीदार सहसा अडचणीत येत नाही. चांगली निगा राखलेली पेट्रोल स्विफ्ट घरच्या माणसासारखी साथ देते. दुर्लक्षित गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली, तरी ती महागच पडते.